भाऊजींचा माळा

समुद्रापलीकडून घरपट्टीशी भांडणारा माणूस देवाने एकच घडवला, आणि तोही आमच्याच पदरात टाकला. माझ्या नवऱ्याचा मावसभाऊ, म्हणजे माझे भाऊजी. ऐंशीच्या आधीची गोष्ट. आम्ही आखातात, मनामा शहरात बाजाराच्या मागे एका खोलीत राहायचो. मी दहा जणांचे डबे करायची. ह्यांची छाती भरलेली, खोली भट्टीसारखी, पाणी एक दिवसाआड. ते चालायचंच. रडून काय भात शिजतो? पण भाऊजींचा माळा सोसवत नव्हता.

भाऊजी तिथंच जवळ, तुबलीला गॅरेजात कामाला. सहा दिवस गाड्यांखाली, शुक्रवारी आमच्याकडे. पोटाला चिमटा घेऊन गावी घर बांधलेलं. नगरपालिकेने त्यातला माळा वरचा मजला धरला, घरपट्टी दुप्पट केली, वर मागची बाकी काढली. ती फेडायची तर तुबलीत अजून दोन वर्षं. आणि बायकोला शब्द दिलेला की हा शेवटचा व्हिसा. मग भाऊजींनी अर्ज ठोकला, 'माळ्यात माणूस ताठ उभा राहत नाही, तो मजला कसला?' गावी जाणाऱ्या प्रत्येकाला ते आमच्या दारात उभं करून मापायचे. उंच निघाला की हात जोडायचे, "आमच्या माळ्यावर जा, डोकं आपट आणि तसं लिहून आण." अशी आपटलेल्या डोक्यांची सात पत्रं जमली. शेजारचा पंजाबी ड्रायव्हर तर म्हणाला, "मैं भी चलूँ? दो बार टकराऊँगा!"

अडचण एकच, भाऊजी स्वतः बुटके. तुळई त्यांच्या डोक्यावर चार बोटं. म्हणून ठरलं, साहेब तपासणीला आले की वाकायचं. दर शुक्रवारी तालीम. हे साहेब होऊन पलंगावर, मी साक्षीदार, हातात लाटणं. भाऊजी कमरेत वाकून खोलीभर फिरायचे.

"सांगा वहिनी, माझं डोकं लागतं की नाही?"

"मी घर बघितलंय कुठं?"

"साक्षीदार फुटला!"

"आधी जेवा, मग काय फोडायचं ते फोडा."

रजेवर गेले. महिन्याने दारात उभे, हातात तीच बॅग.

"काय झालं भाऊजी?"

"खलास."

साहेबांनी सातही पत्रं वाचली म्हणे, माळ्यावर चढून स्वतःचंही डोकं आपटून घेतलं. मजला खोडणार, तेवढ्यात भाऊजी वर गेले. बायको शिडीवरून खुणावतेय, वाका, वाका! आणि हा माणूस हात मागे बांधून ताठ उभा. साहेब म्हणाले, "तुम्ही तर उभे आहात की!" मजला कायम.

"एवढी तालीम केली, आणि विसरलात?"

"विसरलो नाही वहिनी. बारा वर्षं लोकांच्या गाड्यांखाली वाकलो. स्वतःच्या घरात नाही जमलं."

मी पान वाढलं. त्यांनी ती दोन वर्षं काढली, मग गेले गावी.

आता भाऊजी नाहीत. माळ्यावर जाऊबाई कांदे ठेवते आणि पट्टी मजल्याची भरते. मी म्हटलं, "अगं, आता तरी अर्ज कर."

म्हणाली, "नको बाई. ते उभे राहिले होते तिथं."