काकूंची भिंत

दूध उतू जायच्या बेतात, डब्याची पोळी तव्यावर, आणि दारावर थाप पडली. गॅस बंद करून दार उघडलं तर शेजारचे मास्तर. शाळेचे नव्हेत, शिवणकामाचे. गळ्यात टेप आणि डोक्यापासून पायापर्यंत सिमेंटची धूळ.

"मास्तर, गिरणीत पडलात की काय?"

एरवी त्यांनी सव्वाशेर उत्तर दिलं असतं. आज उंबऱ्याशीच उभे, अंगावरची धूळसुद्धा न झटकता.

आमची दोन घरं एकमेकांना चिकटून. मास्तरांचा संसार वाढला तसं त्यांचं घर मागे वाढत गेलं. आधी मशीनसाठी पत्र्याची खोली, मग मुलाच्या अभ्यासाची, आणि त्यांच्या बायकोची, म्हणजे काकूंची, नजर अधू होऊ लागली तेव्हा घरातूनच अरुंद बोळ काढून टोकाला संडासासकट न्हाणीघर. "घर कसलं, ठिगळं आहेत नुसती," असं ते स्वतःच म्हणायचे. त्यांचं बघून आम्हीही त्याच गवंड्याकडून तसाच बोळ, तसंच न्हाणीघर बांधून घेतलं. एकाला झाकावं नि दुसऱ्याला काढावं.

काकूंना आता अजिबात दिसत नाही. तरी घरात त्यांनी काठी कधी धरली नाही. उजवा हात भिंतीवर ठेवून पलंगापासून न्हाणीघरापर्यंत बिनधास्त जायच्या. हाताच्या उंचीवर भिंतीचा रंग झिजून गुळगुळीत पट्टा पडला होता.

मुलाने घराचं काम काढलं तेही आईसाठीच. "वाढीव खोल्या पाडू, न्हाणीघर तेवढं ठेवू. सगळं मोकळं झालं की आई अडखळणारच नाही!" मास्तरांनाही ते पटलं. कापड बेतावं तशा त्यांनीच भिंतींवर खडूने खुणा करून दिल्या.

"बोळाची भिंत पाडली," मास्तर म्हणाले. "दुसऱ्या दिवशी ही सवयीने उठली. हात लावायला गेली तर भिंतच नाही. मी पाहिलं तेव्हा विटांच्या ढिगात उभी होती, हात तसाच बाजूला धरलेला. हाकसुद्धा मारली नाही, वहिनी."

"लागलं का कुठे?"

"लागलं असतं तर औषध लावलं असतं."

"मग हात धरून न्या ना."

"झटकते. म्हणते, जन्मभर गिऱ्हाइकांची मापं घेतलीत, आता माझी न्हाणीघरापर्यंत वरात काढू नका." त्यांनी धुळीने भरलेला चेहरा बाहीने पुसला. "त्या दिवसापासून पाणी सोडलंय तिने. प्यायलं की जावं लागतं ना! डॉक्टर म्हणतात, पाणी द्या. पेला तोंडाशी नेला की ओठ घट्ट मिटते. भिजवलेला कपडा लावला तर तोही थुंकते. मुलगा म्हणतो, बाबा, होईल सवय. अहो, सवय होईपर्यंत ती राहायला नको का?"

पलीकडे घण पडला. आमच्या मांडणीवरची ताटं थरथरली. मास्तर दचकले आणि माझ्या खांद्यावरून आत, आमच्या बोळाकडे बघत राहिले.

"पाडायच्या खुणा मीच केल्या, वहिनी. मीच."

मी त्यांना बसायला सांगितलं. ते बसले नाहीत. गळ्यातला टेप काढून दोन्ही मुठींत धरला.

"तिला इथपर्यंत मी आणतो. पुढे तुमच्या न्हाणीघरापर्यंत तिची तिला एकटीला जाऊ द्या."