ट्रॅक्टरला पाणी भरायचं काम

आमच्या ट्रॅक्टरचं इंजिन गेलं ते खंडेनवमीला, गळ्यात हार असताना. जमीन बिल्डरला देऊन बरीच वर्षं झाली. गाव महापालिकेत आलं, ऊस होता तिथं सोसायटी उभी राहिली, आणि तिच्याच पार्किंगमध्ये आबांचा म्हणजे माझ्या वडिलांचा ट्रॅक्टर उभा असतो. नांगरायला ढेकूळ उरलेलं नाही. तरी खंडेनवमीला तो धुवायचा, पुजायचा आणि देवळापर्यंत नेऊन आणायचा, हा नेम आबांनी सोडला नाही. सोसायटीतली मंडळी त्या दिवशी हौसेनं फोटो काढतात आणि उरलेलं वर्षभर तेल गळतं म्हणून तक्रारी करतात.

आबांची एक जुनी सवय होती. काम संपलं की रेडिएटरखालची तोटी उघडून सगळं पाणी सोडून द्यायचे. आमच्या बोअरच्या पाण्यानं आतून गंज धरतो, असं त्यांना सुरुवातीलाच कुणीतरी सांगितलं होतं. मग पुढच्या वेळी पुन्हा भरायचं. हे भरायचं काम आईचं. ती कळशी घेऊन यायची, रेडिएटर काठोकाठ भरायची, झाकण फिरवायची आणि म्हणायची, "भरलं." तोवर आबा सीटवर बसून राहायचे. ते ऐकल्याशिवाय त्यांनी किल्ली फिरवल्याचं मला आठवत नाही. दोघांचं कडाक्याचं भांडण झालेलं असलं तरी तेवढा एक शब्द चुकायचा नाही.

आई माघात गेली. त्यानंतरची ही पहिली खंडेनवमी. मी सदाशिव पेठेतून सकाळीच माहेरी आले होते. हार मीच घातला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. आबा चढून बसले आणि नुसतेच बसून राहिले. आईची आठवण येत असेल, असं आम्हाला वाटलं. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, चला आबा, ऊन चढतंय. आबांनी किल्ली फिरवली.

देवळापर्यंत ट्रॅक्टर नीट गेला. तापमानाचा काटा तर कधीचाच मेलेला. परतताना आधी धूर निघाला, मग आत कुणी हातोडा मारतंय असे ठोके ऐकू आले, आणि सोसायटीच्या फाटकातच इंजिन जाम झालं. भावानं फडकं धरून रेडिएटरचं झाकण उघडलं. आत थेंब नव्हता. आम्ही तिघंही त्या कोरड्या भोकाकडे बघत उभे राहिलो. पाणी भरावं लागतं हे आम्हाला लहानपणापासून ठाऊक होतं, आणि ते एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं.

दुपारी जेवताना भाऊ म्हणाला, आता भंगारात देऊन टाकू. त्याचंही चुकलं नव्हतं, पण आबा भरल्या ताटावरून उठले. आईसोबत राबलेली एवढी एकच वस्तू त्यांच्याकडे उरली होती, आणि ती त्यांच्याच हातून मेली होती. मी क्रेनवाला बोलावला आणि ट्रॅक्टर गॅरेजात नेला.

मिस्त्रींनी इंजिन उघडून तिन्ही पिस्टन बाकावर ठेवले. दोघांच्या अंगावर उभे ओरखडे होते आणि रिंगा खाचांत चिकटून बसल्या होत्या. तिसरा तर वितळून भलत्याच आकाराचा झाला होता.

"बिनपाण्याचा चालवला कुणी?" मिस्त्रींनी विचारलं.

आबांनी मान खाली घातली. "मी."

"पाणी बघायचं नाही का, बाबा?"

"ते माझं काम नव्हतं."

मिस्त्रींनी माझ्याकडे बघून हसू दाबलं. जमिनी विकून साहेब झाले, असंच काहीतरी त्यांच्या मनात आलं असणार. मला त्यांचा भयंकर राग आला.

संच सगळाच नवा घाला, असं त्यांचं म्हणणं. आबा ऐकेनात. शेवटी वितळलेल्याच्या जागी नाना पेठेतून नवा पिस्टन आणायचा आणि बाकीचे दोन दुरुस्त करायचे, असं ठरलं. इंजिन थोडं हादरेल, मिस्त्रींनी बजावलं. हादरू दे, आबा म्हणाले. मग रोज डबा घेऊन ते गॅरेजात जाऊन बसायला लागले. जुन्या रिंगेच्या तुटक्या तुकड्यानं खाचांतली काजळी खरवडायचे, ओरखडे बारीक पॉलिश पेपरनं घासायचे, पिस्टन डिझेलमध्ये बुडवून पुन्हा उजेडात धरायचे. एकदा मी गेले तेव्हा त्यांचे डोळे लाल झाले होते. डिझेल गेलं डोळ्यात, म्हणाले. आईच्या दहाव्यालासुद्धा न रडलेला माणूस. मी बरं म्हटलं.

दिवाळीनंतर ट्रॅक्टर घरी आला. आबा चढून बसले. मी आईची कळशी भरून आणली, पण तिच्यासारखं जमेना, निम्मं पाणी माझ्याच पायांवर सांडलं. झाकण फिरवलं. आबा समोर बघत थांबले होते. खंडेनवमीला ते कशासाठी थांबले होते, ते मला तेव्हा कळलं.

"भरलं," मी म्हणाले.

इंजिन सुरू झालं. चांगलंच हादरत होतं, पण चालत होतं. आबांनी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवले आणि थोड्या वेळानं बंद केलं.

संध्याकाळी निघण्याआधी पाणी काढून ठेवावं म्हणून मी बादली घेऊन खाली गेले. आबा पुढच्या चाकाशी बसले होते. मी तोटीला हात घातला तर त्यांनी तो धरला. गंज धरेल ना, मी म्हटलं.

"धरू दे. गेल्या साली नवमीला तिनं भरलेलं पाणी मी त्याच सांजेला सोडून दिलं. तिच्या हातचं शेवटचं व्हतं ते. सगळं गटारात गेलं."

मी बादली रिकामीच वर नेली.