आवळायचा राहिलेला नट

रावजीला मोटारसायकल चालवता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण त्या हिवाळ्यात त्याने मांडलेला पसारा बघून म्हातारपणी ह्याला गाडी उडवायची हौस आलीय, असा सगळ्या गावाचा समज झाला होता. हौस कसली डोंबलाची! सायकलीपलीकडे कुठल्या हँडलला त्याचा हात कधी लागला नव्हता. मागच्या सीटवर बसण्यात मात्र त्याचा हात धरणारा सबंध खाडीपट्ट्यात कुणी नव्हता.

रोह्याकडच्या एका कंपनीत रावजी फिटर होता आणि त्याच्याच आळीतला सदा बॉयलरवर. दोघे एकत्र लागले, एकत्र निवृत्त झाले. मधली सगळी वर्षं सदाने त्याला आपल्या येझदीवर मागे बसवून नेलं आणि आणलं. त्यामुळे रावजीने त्या रस्त्याचं तोंड असं कधी पाहिलंच नाही. त्याला दिसायची सदाची पाठ, आणि डाव्या हाताला खाडी, खारजमिनीचे बांध, बांधांवर एका पायावर उभे बगळे. परतताना तेच सगळं उजव्या हाताला यायचं. पण परतताना ते बघायला हा जागा असायचा कुठे?

रात्रपाळी सुटली की रावजीला झोप यायची, आणि यायची तीही चालत्या गाडीवर. पहिल्यांदा पेंगला तेव्हा भाताच्या खाचरात पडता पडता वाचला. सदाने गाडी थांबवली, चार सणसणीत शिव्या घातल्या, खांद्यावरचा पंचा काढून दोघांच्या कमरेभोवती फिरवला आणि आपल्या पोटावर गच्च गाठ मारली. "नीज आता मुकाट," म्हणाला.

तेव्हापासून ती रीतच पडली. सदाच्या पाठीवर गाल टेकायचा, डोळे मिटायचे. मानेवर थंडीतलं कोवळं ऊन, कुठे पेंढ्याचा वास, वारा फिरला की सुकत घातलेल्या मासळीचा, आणि पायाखाली येझदीच्या चेनच्या डब्याची खटक-खटक, खटक-खटक. कधी त्याला वाटायचं आपण होडीत पडलोय आणि भरती आपल्याला आत घेऊन चाललीय. कधी वाटायचं रस्ता संपलाच नाही, गाव मागेच राहिलं आणि आपण तसेच धुक्यातून पुढे निघालोय, सदा काहीतरी सांगतोय. कधी काहीच वाटायचं नाही, आणि तीच सगळ्यात चांगली झोप.

ती खटखट होती चेनच्या डब्याच्या मागच्या नटाची. नट सैल होता. फिटर माणसाला सैल नट म्हणजे दातात अडकलेला मासळीचा काटा, जीभ सारखी तिथेच जाते. कंपनीच्या फाटकात उतरलं की रावजी रोज म्हणायचा, "सद्या, तेवढा नट आवळतो रे."

"ऱ्हाऊ दे. तुला काय चावतो त्यो?"

"खटखट करतो."

"करू दे. तू झोपलास का वाटंला माज्यासंगती बोलंल कोन?"

हे इतक्या वेळा झालं होतं, की शेवटी शेवटी रावजी नुसता नटाकडे बोट करायचा आणि सदा नुसता हात झटकायचा.

आदल्या वर्षीच्या श्रावणात सदा गेला. सकाळी छातीत कळ आली, दुपारी संपलं. रावजीने सगळं केलं, खांदा दिला, सदाच्या बायकोला धीर दिला, आणि घरी येऊन आडवा झाला तर झोप नाही. उद्या लागेल म्हणाला. ती उद्याही लागली नाही, महिनाभर लागली नाही. डॉक्टरने गोळी दिली. तिने डोळे मिटायचे, पण सकाळी अंगात दगड भरल्यासारखं व्हायचं. त्याच्या बायकोने, गोदूने, तळपायांना काशाची वाटी घासली, दुधातून जायफळ दिलं, उशाखाली लोखंड ठेवून पाहिलं.

"फटफटीवर घोरत येयाचे," ती वैतागून म्हणायची, "आन् आता गादी दिलीय तर आढ्याकडं टकाटका बगतात!"

गंमत म्हणजे तिच्या वैतागण्यातच रावजीला उपाय सापडला. त्याला पुन्हा एकदा येझदीच्या मागच्या सीटवर बसून, खाडीच्या रस्त्याने घरी यायचं होतं. तिथे तरी झोप लागेल, अशी त्याची आशा. आणि तिथेही नाही लागली तर मग ती सदाबरोबरच गेली असं समजायचं, अशी भीती. साठी उलटलेल्या माणसाने हे कुणाला सांगायचं? लोक हसले असते.

असं वर्ष सरलं, आणि दिवाळीनंतर सदाच्या अंगणात भंगारवाल्याचा टेंपो येऊन उभा राहिला. येझदी तिथे मांडवाखाली पडून होती आणि खाऱ्या वाऱ्याने तिला पार कुरतडली होती. सदाची मुलगी रुचिका तळा गावच्या शाळेत शिकवायची, शनिवारी-रविवारी आईकडे यायची. भंगारवाल्याशी तीच बोलत होती. रावजी लेंगा सावरत धावला.

"ती मला दे."

"काका, तुम्हाला चालवता कुठे येते?"

"मला कुटं चालवायचीय? मी नीट करून देतो, चालव तू. मी मागं बसंन."

रुचिकाला ती थट्टा वाटली. पण ती हसता हसता थांबली आणि तिने टेंपो परत पाठवला.

रावजीचा गोठा बैल विकल्यापासून रिकामा होता. तिथेच त्याने कारखाना थाटला. गव्हाणीत हत्यारं मांडली, दावणीच्या खुंट्यांना चाकं अडकवली, आणि जुन्या बारदानावर येझदीचा एकेक भाग सुटा होऊन निजला. गोठ्याला अजून शेणाचा आणि बैलांच्या अंगाचा वास होता, त्यात आता रॉकेलचा वास मिसळला. सकाळी कौलांच्या फटीतून उन्हाच्या बारीक पट्ट्या खाली यायच्या आणि दिवसभर सुट्या भागांवरून हळूहळू सरकत राहायच्या. रावजी त्यांच्या मागे मागे बूड हलवत काम करायचा. ऊन टाकीवर आलं की टाकी घासायची, स्पोकवर गेलं की स्पोक. घाई त्याला नव्हती. रात्री मिळत नव्हती ती गुंगी त्याला इथे दिवसा थोडीशी मिळायची, जागेपणीच.

सायलेन्सरमध्ये कुंभारमाशीने मातीची घरं केली होती. ती पाडताना त्याला उगाच वाईट वाटलं. टाकी आतून गंजली होती. त्याने तिच्यात खाडीतले बारीक गोटे आणि रॉकेल भरलं, तोंड बांधलं, आणि एका बाजूने आपण, एका बाजूने गोदू असं धरून नवरा-बायकोने ती दुपारभर हलवली.

"ताकाचा डेरा बरा याच्यापेक्षा," गोदू म्हणाली, "लोणी तरी निगतं."

पण तिने टाकी सोडली नाही.

बाहेर भात झोडून झालं होतं. मळ्यात वाल फुलावर आला, मग शेंगांवर आला. कार्बोरेटर मुंबईहून आला, पिस्टनच्या रिंगा पुण्याहून, आणि टायर रोह्यातच मिळाले. सीट मात्र रावजीने बदलू दिली नाही. फाटलेलं शिवून घेतलं, पण आतला फोम तोच. मागच्या भागात त्याच्या बसण्याने पडलेला खळगा तसाच होता.

सगळं जुळून आल्यावर अगदी शेवटी त्याने चेनचा डबा बसवला. तो मागचा नट हातात घेतला, पुसला, आटे साफ केले, नवा वॉशर घातला आणि पाना लावला. किती वर्षांची इच्छा! असा आवळला, की पाना कुरकुरला.

"आता बोल, सद्या," तो मोठ्याने म्हणाला. त्याच्या मनाप्रमाणे झालं होतं, आणि तरी त्याला सदाची इतकी आठवण आली की तो पाना हातात धरून खुंट्याला टेकून बसून राहिला.

गाडी सुरू झाली तेव्हा निळ्या धुराने गोठा भरला आणि आंब्यावरचे सगळे कावळे उडाले. रुचिकाला स्कूटर येत होती, येझदीने तिला पुष्कळ नाचवलं. ज्याने किक मारायची तोच दांडा आडवा पाडून गिअर टाकायचा, हे तिच्या पायाला पटेना. गावातल्या शाळेच्या मैदानात ती दोन-तीन रविवार घोटत राहिली. बसायची मात्र थेट बापासारखी, डावा खांदा जरा खाली सोडून. रावजी कुंपणाजवळ उभा राहून तो खांदा बघायचा.

मग एका रविवारी पहाटेच दोघे निघाले, कंपनीच्या फाटकापर्यंत. तिथल्या टपरीवर चहा घेतला आणि वळले. रावजीने पिशवीतून पंचा काढला, पण तो पुढे करायला त्याला संकोच वाटला. रुचिकानेच तो घेतला.

"बाबा बांधायचे ना? मला माहीताय. लहानपणी देवळाच्या वळणापासून टाकीवर मीच बसलेली असायचे कधी कधी." तिने दोघांभोवती पंचा फिरवला आणि गाठ मारली.

धुकं खाडीवरून उठत होतं. बगळे होते, ऊन होतं, पेंढ्याचा वास होता. पाठ सदाची नसली तरी सदाच्याच घरातली होती. सीट तीच, खळगा तोच. गाडी लोण्यातून सुरी जावी तशी चालली होती. रावजीने डोळे मिटले आणि वाट पाहिली. एक पूल गेला. एक गाव गेलं. मिटल्या डोळ्यांआड तो टक्क जागा होता. घर आलं तेव्हा त्याने गाठ सोडली, "झ्याक चालवलीस," म्हणाला आणि तडक गोठ्यात जाऊन बसला. संपलं तर. झोप सदाबरोबरच गेली.

संध्याकाळी मळ्यात पोपटी लावली होती. भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, सगळं मडक्यात भरून मडकं उपडं घातलं होतं आणि भोवती पेंढा पेटला होता. रावजी जाळाकडे बघत बसला होता. गोदू शेजारी येऊन बसली. त्याने सांगितलं नव्हतं, पण तिला कळलं होतं. एवढ्या दिवसांत टाकी हलवताना, चहा नेऊन देताना, तिने नवऱ्याचं तोंड काय कमी वाचलं होतं?

"न्हाय लागली?"

रावजीने मान हलवली.

"मला तर तुमी आलेलंच कळलं न्हाय," गोदू म्हणाली. "पैले देवळाच्या वळणावं खटखट वाजली का मी चाचं आधन ठेवायची. वर्सानुवर्सं. आज तुमी दारात उबे, आन् चूल माजी थंड."

रावजीने तिच्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ पाहिलं. मग तो उठला.

"आवो, पोपटी उघडतायत आता!"

"तू खा. माजी ठेव थोडी."

गोठ्यात मावळतीचा उजेड अजून होता. रावजी येझदीच्या मागे उकिडवा बसला आणि त्याने नटाला पाना लावला. हात वळेना. जन्मभर आवळण्याचा पगार घेतलेला हात तो. चांगला, घट्ट, निर्दोष बसलेला नट सैल करायचा म्हणजे पाप केल्यासारखं वाटत होतं. शेवटी त्याने डोळे मिटले आणि पाना उलटा फिरवला. थोडासा. डबा हलवून पाहिला. अजून थोडासा. मग बोटाने टिचकी मारली, आणि डबा म्हणाला, खटक.

"हरलो, बाबा," रावजी म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तो हसतही होता.

पुढच्या रविवारी कंपनीच्या फाटकाशी रुचिकाने गाडी वळवली, जराशी पुढे नेली आणि थांबवली.

"काका, मागे काहीतरी वाजतंय. येतानाही वाजत होतं. सैल झालंय का?"

"वाजू दे," रावजी म्हणाला. "मी झोपलो का वाटंला तुज्यासंगती बोलंल कोन?"

रुचिकाने पंचा घेतला, दोघांच्या कमरेभोवती फिरवला, आणि गाठ मारायला तिला गेल्या वेळेपेक्षा जास्त वेळ लागला. मग गाडी निघाली. रावजीने गाल टेकवला. खटक-खटक, खटक-खटक. बांधावरचा पहिला बगळा त्याला दिसला, दुसरा दिसला. तिसरा उडाला की तसाच उभा राहिला, ते त्याला कळलं नाही. भरती त्याला आत घेऊन चालली होती, आणि सदा पुढे बसून काहीतरी सांगत होता.

देवळाच्या वळणावर खटखट ऐकू आली तशी गोदूने आधण ठेवलं आणि ती पदराला हात पुसत दारात आली. रुचिका अंगणात गाडी उभी करून, दोन्ही पाय जमिनीला टेकून, न हलता बसली होती. रावजीचं तोंड तिच्या पाठीवर किंचित उघडं पडलं होतं आणि तो घोरत होता.

"काकी," रुचिका अगदी हळू म्हणाली, "काय करू? बंद करू?"

"नको नको," गोदू धावत पुढे आली. "बंद नको करूस गं. आनकी एक फेरी मार. न्हायतर दोन मार."

रुचिकाने अलगद गाडी वळवली. गोदूने आत जाऊन चहाचं आधण उतरवलं आणि ती ओट्यावर येऊन बसली, देवळाच्या वळणाकडे कान लावून.