रबरी शेपूट

कंग्राळीजवळ नदीवर मला नेहमी एक अण्णा भेटतात. खडेबाजारातून आणलेल्या, मरळ मासे पकडायच्या नकली माशाची कडक शेपूट ते कापतात, तिथं मऊ रबराची शेपूट लायटरच्या आचेवर चिकटवतात आणि काठच्या पाण्यात ओढून बघतात. मनासारखी वळवळली नाही की पुन्हा उपटतात. बोलणं एवढंच, "मरळ लई हुशार असती रं."

परवा तो नकली मासा मी हातात घेतला, तर त्याला गळच नव्हता.

"अण्णा, गळ पडला काय?"

"काढलाय. धरून न्हेली तर खायला घरात कोण हाय?"

त्यांनी मासा लांब फेकला. बऱ्याच वेळानं दोरीला जोराचा हिसका बसला आणि ती पुन्हा सैल पडली. कुणी दार वाजवावं तसे अण्णा सावरून बसले.

"आलती," म्हणाले.