अंदाजे घातलेला हार

मी एका जिवंत माणसाच्या फोटोला चंदनाचा हार घातला. तोही गणपतीत, भरल्या हॉलमध्ये.

नव्वदच्या दशकाच्या शेवटाला शारजातल्या आमच्या मंडळानं प्रदर्शन मांडलं होतं: तेलाच्या शोधात आखातात आलेली पहिली मराठी माणसं. काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मीटिंगला मी उशिरा पोचलो. कुणाच्या तरी ट्रंकेतून एक फोटो मिळाला, पाठीवर प्रत्येकाचं काम लिहिलेला. मागं तेलविहिरीचा लोखंडी मनोरा, पुढं बनियनवर पाच तरणी पोरं. मी पाचही चेहरे मोठे करून चौकटीत बसवले. फोटो साठच्या दशकातला, म्हणजे मंडळी गेलीच असणार! दुबईच्या बर दुबई भागातल्या देवळाजवळच्या गल्लीतून पाच हार आणले आणि मोकळा झालो. चौकशीबिवकशी करायला वेळ कुणाला होता?

शुक्रवारी सकाळी पांढऱ्या हाफ शर्टातले एक म्हातारे गृहस्थ आले आणि चौथ्या फोटोसमोर थांबले. मी माहिती द्यायला सरसावलो.

"काका, हे रिगवर स्वयंपाकी होते. फार कष्ट काढले बिचाऱ्यांनी."

"काढले खरे," ते म्हणाले. "अजून गुडघे दुखतात."

मी फोटोकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. कान तेच होते. हार ओढायला गेलो, तर त्यांनी माझा हात धरला.

"माझं राहू दे रे. ते तिघं गेले, ठाऊक आहे मला. पण हा कधी गेला?"

त्यांनी पाचव्या फोटोकडे बोट रोखलं.

"वेल्डर हा. सहा वर्षं एका तंबूत काढली आम्ही. वाळूचं वादळ आलं की एक दोरी मी धरायचो, दुसरी हा. तेल लागलं त्या दिवशी ह्यानं त्यात बोट बुडवून माझ्या कपाळाला टिळा लावला. फोटोत दिसायचा तो."

तो 'डाग' मी स्टुडिओवाल्याकडून साफ पुसून घेतला होता.

"मालवणला असतो. दोन वर्षं पत्र नाही. पुढच्या महिन्यात माझा व्हिसा खलास. गावी गेलो की आधी त्याच्याकडेच जाणार होतो. सांग ना, कधी गेला?"

"काका, मला माहीत नाही."

"मग हार?"

"अंदाजे घातला."

त्यांच्या खिशातल्या डायरीत मित्राच्या शेजारच्या दुकानाचा नंबर होता. काय ऐकावं लागेल या भीतीनं त्यांनी तो कधी लावलाच नव्हता. हॉलबाहेरच्या टेलिफोन बूथमध्ये माझं फोनकार्ड घालून मी लावला. दुकानदार म्हणाला, थांबा, बघतो. काकांनी एका हातानं रिसीव्हर कानाला दाबला, दुसऱ्यानं माझं मनगट. कार्डातले आकडे उतरत होते. मला गणपती आठवला, खरंच.

"अरे," काका एकदम म्हणाले, "आहेस?"

मग दोन्हीकडून नुसतं नाक ओढणं चाललं. आणि सावरल्यावर काकांनी पहिली गोष्ट कुठली सांगावी? हाराचीच! पलीकडचं खोकत खोकत हसणं मलाही ऐकू आलं. काकांनी रिसीव्हर माझ्या हातात दिला. पलीकडून मालवणीत आवाज आला:

"तूच काय रे हार घालणारो? तो टाकू नको. तुझी घाई बगता, तुकाच आदी लागतलो."