'इतर वस्ती'चं शीर्षक

मनकर्णाच्या दुकानात काहीही टाइप करून मिळतं. फक्त त्यात काय लिहिलंय ते तिला विचारू नये.

जिंतूरच्या तहसीलसमोरच्या ओळीत, चहाच्या टपरीला खेटून तिचं दुकान. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, भाडेकरार, बारशाच्या पत्रिका, कॉलेजच्या पोरींचे प्रकल्प, सगळं तिच्या बोटांखालून जातं. पण दुपारी कुणी विचारलं, की "ताई, सकाळी तो पेडगाववाला कशाचा अर्ज करून घेऊन गेला?" तर तिला खरंच सांगता येत नाही. परभणीला क्लासात लोखंडी मशीनवर शिकताना तिथल्या बाईंनी पट्टी उगारून सांगितलं होतं, नजर कागदावर, बोटं कळांवर आणि डोकं घरी. मजकुराच्या अर्थात शिरलीस की हात अडखळलाच म्हणून समज. मनकर्णानं ही शिकवण अशी अंगात मुरवली, की स्वतःच्या लग्नाची पत्रिका स्वतः टाइप करून मुहूर्त किती वाजताचा ते मात्र मावशीला विचारलं. निदान तिचा नवरा भुजंग तरी असं सांगतो. भुजंग त्याच दुकानात झेरॉक्सचं मशीन सांभाळतो. तोंडानं मिरची, मनानं लोणी.

अशा मनकर्णाकडं एके दिवशी माधवराव गुरुजी आले. प्रसाद द्यावा तसा पेनड्राइव्ह त्यांनी तिच्या तळहातावर ठेवला.

"मनू, हे घे. आपलं वाळगव्हाण."

वाळगव्हाण हे पूर्णेच्या काठावरचं गाव. येलदरीचं धरण झालं तेव्हा ते पाण्यात गेलं. गुरुजी तेव्हा मुंजीच्या वयाचे. गाव उठलं, पांगलं. काही लोक जिंतुरात आले. निवृत्त झाल्यावर गुरुजींनी मनावर घेतलं, की हे गाव कागदावर तरी वसवायचं. सून योगिनीनं त्यांना लॅपटॉपवर मराठी टाइप करायला शिकवलं. एका बोटानं टिपत टिपत गुरुजींनी तीनशेच्या वर पानं केली.

"छापखानेवाला म्हणतो, प्रकरणं नीट पाडून द्या, अनुक्रमणिका लावून द्या," गुरुजी म्हणाले. "मला त्यातलं ओ की ठो कळत न्हाई. तू कर बाई."

गुरुजींनी मनकर्णाला तिसरीत शिकवलेलं. त्यांना नाही म्हणायची तिची छाती नव्हती. आणि दुसरं कारण त्याहून मोठं होतं. मनकर्णाची आई बानूबाई त्याच वाळगव्हाणची. धनगर गल्लीतली. बानूबाईचं माहेर पाण्याखाली. "पुस्तक व्हायलंय आमच्या गावाचं," असं ती दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांना सांगून चुकली होती. वाचता येत नाही, पण संध्याकाळी लेक घरात पाऊल टाकते न टाकते तोच विचारणार, "आमची गल्ली आली का गं? मपल्या बापाचं नाव आलं का?"

आता प्रकरणं पाडायची तर त्याची एक रीत असते. प्रकरणाच्या नावाची ओळ धरायची आणि संगणकाला सांगायचं, हे पहिल्या पातळीचं शीर्षक. त्याच्या पोटातलं असलं तर दुसऱ्या पातळीचं. एकदा का अशी ओळख करून दिली, की संगणक आपणहून अनुक्रमणिका मांडून देतो, पानांच्या आकड्यांसकट. मनकर्णाला हे सगळं पाठ. तिनं फाइल उघडली, भराभरा खाली गेली. दर दोन-तीन पानांनी मधोमध, ठळक अक्षरात लिहिलेलं: ॥ श्री ॥. दुसरं काय असणार? प्रकरणाची सुरुवातच. तिनं एका फटक्यात सगळे श्री शोधून त्यांना पहिल्या पातळीवर बसवलं आणि अनुक्रमणिका काढली.

चार पानांची अनुक्रमणिका निघाली. पहिल्या ओळीत ॥ श्री ॥, मग ठिपके, मग पान एक. दुसऱ्या ओळीत ॥ श्री ॥, पान तीन. तिसऱ्या ओळीत ॥ श्री ॥, पान सहा. खालपर्यंत तेच.

भुजंगनं मान लांब करून बघितलं. "ही अनुक्रमणिका हाय का जप? माळ आणून देऊ का?"

"तुमी गप बसा."

गुरुजी आले, बघितलं आणि खोकला येईस्तोवर हसले. "अगं येडे, मी रोज लिहायला बसलो की आधी श्री लिहितो. श्री घातल्याबिगर माझं बोट पुढं सरकत न्हाई. ते प्रकरण न्हाई, ते माझं बसणं हाय!"

"मग प्रकरणं कुठंयत, गुरुजी?"

"हायत की त्यातच. कुठं अधोरेखित केलंय, कुठं अक्षर मोठं केलंय. ज्या दिवशी योगिनीनं जे शिकवलं, ते त्या दिवशी केलं."

म्हणजे एका हुकमात काम होणार नव्हतं. "मग वाचावं लागंल?" मनकर्णानं विचारलं. विहिरीत उतरायला सांगितल्यासारखा तिचा आवाज झाला होता.

"वाच की. तिसरीत वाचायचीस तसं, बोट ठेवून."

"आन् हे श्री काढून टाकू का?"

गुरुजी गडबडले. पुस्तकात जागोजाग श्री बरे दिसणार नाहीत, हे त्यांनाही कळत होतं. "काढ. पर माझ्याच्यानं बघवायचं न्हाई," म्हणाले, आणि खुर्ची फिरवून टपरीवरच्या उकळत्या चहाकडं बघत बसले. मनकर्णानं कळ दाबली. "झालं, गुरुजी." "पहिल्या पानावरचा ठेवलास ना?" "ठेवला." तेव्हा कुठं खुर्ची परत फिरली.

मग मनकर्णा वाचायला बसली. आयुष्यात पहिल्यांदाच, कळांवरची बोटं उचलून. देवळाची गल्ली आली. तिथं दोन भावांचा भिंतीवरून तंटा होता आणि भिंत पडली तरी तंटा उभाच होता. बाजारपेठ आली, कासारांची घरं आली, उर्दू शाळेतले मौलवी आणि त्यांची हटवादी बकरी आली. मनकर्णा एकटीच खुदखुदायला लागली. अर्जवाले बाकड्यावर खोळंबले. "बाई आज कामात हायत," भुजंग त्यांना सांगायचा, "कवा न्हाई ते वाचायल्यात."

वाचता वाचता तिनं एकेक शीर्षक जाग्यावर बसवलं. देवळाची गल्ली, पहिली पातळी. बाजारपेठ, पहिली पातळी. नदी आणि घाट, पहिली पातळी. शेवटाकडं 'गावाची रचना' नावाचं प्रकरण होतं. त्याच्या पोटात, अगदी शेपटाला, दुसऱ्या पातळीचं एक बारीक शीर्षक: 'इतर वस्ती'.

"गावाच्या उगवतीला धनगरांची वस्ती होती. हे लोक मेंढ्या व शेळ्या पाळत. स्वभावाने काटक व प्रामाणिक. होळीनंतर ते आपापले कळप घेऊन बाहेर पडत."

संपलं. तिनं पान खाली सरकवलं. पुढं काही असेल म्हणून अजून सरकवलं. पुढं 'गावातील वृक्ष' होते. वडाला अर्धं पान होतं.

त्या संध्याकाळी बानूबाईनं दारातच विचारलं, "आली का गं?"

"अजून न्हाई, माय. पुस्तक लय मोठं हाय."

"येऊ दे सावकाश. लग्नात गोड शेवटालाच वाढतेत," बानूबाई म्हणाली आणि शेळीला पाला टाकायला गेली.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडल्या उघडल्या तिनं ती ओळ धरली. 'इतर वस्ती' पुसून 'धनगर गल्ली' लिहिलं. दुसऱ्या पातळीवरनं उचलून पहिल्या पातळीवर ठेवलं, नव्या पानावर नेलं. संगणकानं कुरकुर केली नाही. त्याला काय, देवळाची गल्ली न् धनगर गल्ली सारखीच. अनुक्रमणिका नव्यानं काढली. देवळाची गल्ली, बाजारपेठ, नदी आणि घाट, गावाची रचना, धनगर गल्ली. एका रांगेत, एका उंचीची. मनकर्णा बघतच राहिली.

मग तिनं ते पान उघडलं. वर ढबू पैशाएवढ्या अक्षरात 'धनगर गल्ली', खाली चार ओळी आणि त्याखाली सबंध पांढरं पान.

भुजंग कागद बदलायला आला होता. त्यानं बघितलं. "पाटी दणक्यात लावलीस," तो म्हणाला, "पर दुकानात माल कुठाय?"

तिनं त्याच्याकडं असं बघितलं, की तो मशीनकडं परतला. पण बोलला ते खरंच होतं. अक्षर मोठं करता येतं, पातळी चढवता येते. मजकूर काही त्यानं वाढत नाही. आईच्या तोंडून ऐकलेल्या दहा गोष्टी तिला येत होत्या. बसल्या बसल्या दोन पानं घुसडली असती. पण दुसऱ्याच्या कागदात स्वतःचा शब्द घालायचा नाही, साध्या प्रतिज्ञापत्रातसुद्धा नाही, हा तिचा धर्म. आणि इथं तर खाली नाव गुरुजींचं. आता बोलायलाच पाहिजे होतं. पाढे चुकले तर गुरुजींसमोर जिची मान वर व्हायची नाही, ती आता त्यांच्या तोंडावर बोलणार होती.

गुरुजी आले. लॅपटॉपची पिशवी काखेत धरूनच अनुक्रमणिकेवरनं बोट फिरवत खाली उतरले आणि थांबले.

"ही वर कशी काय आली? ही तर खाली होती."

"मी आणली, गुरुजी."

"का?"

झेरॉक्सचं मशीन एकाएकी बंद पडलं. भुजंगनंच बंद केलं, कान देऊन ऐकायला.

"माझ्या मायचं माहेर हाय ते," मनकर्णा म्हणाली. "चार ओळी हायत. आन् त्यात एकाचंबी नाव न्हाई. वडाखाली बसणाऱ्या बैलाचं नाव हाय, गुरुजी."

गुरुजींचा चेहरा उतरला, मग जरा आवळला. "मला आठवलं तेवढं लिहिलं. खोटं लिहू का आता?"

"खोटं लिहा म्हणत न्हाई. ठाऊक न्हाई ते इचारा म्हणते."

बोलून गेली आणि पाटी फुटल्यासारखी आपल्याच हाताकडं बघत राहिली. गुरुजींनी चष्मा काढला. उपरण्यानं पुसला, पुन्हा पुसला.

"उगवतीला जाऊ द्यायचे न्हाईत आम्हाला," ते म्हणाले. "तिकडं कुत्री लय हायत, असं आई सांगायची. खरंच होती का गं कुत्री?"

"मला काय ठावं. मायला इचारा."

"घरी हाय का आत्ता?"

भुजंगनं मोटारसायकल आधीच सुरू केली होती.

बानूबाई ओट्यावर तूर निवडत बसली होती. गुरुजींना बघून तिनं पदर डोक्यावर ओढला. "अगं बया, मास्तर! मनू, चटई टाक की."

चटईवर टेकायच्या आधीच गुरुजींनी विचारलं, "बानूबाई, तुमच्या गल्लीत कुत्री होती का?"

"व्हती की! चार व्हती. लांडग्यासाठी." बानूबाईनं त्यांना खालवर न्याहाळलं. "तुमच्यासाठी नव्हती, मास्तर. तुमी देवळावाले. तुमाला कोण खातंय?"

गुरुजी मोकळे हसले. लॅपटॉप मांडीवर घेऊन म्हणाले, "मग सांगा. घरं कुठनं कुठवर होती?"

"मला म्हातारीला काय आठवतंय," बानूबाई म्हणाली. आणि उठून आत गेली, ती चिमटीत भंडारा घेऊन आली. "आमच्यात सुरुवात ह्यानं करतेत." गुरुजींच्या कपाळाला लावला आणि चिमूट लॅपटॉपकडं वळवली. मनकर्णानं दोन्ही पंजांनी कळा झाकल्या.

"माय, मशीनला नको! आत जाईल."

"मग झाकणाला लावते. त्याला चालतंय ना?"

झाकण पिवळं झालं आणि बानूबाई सुरू झाली. घरं तिनं भिंतींवरून सांगितलीच नाहीत. होळी झाल्यावर कळप ज्या क्रमानं गावाबाहेर पडत, त्या क्रमानं सांगितली. पुढं मान कुणाचा, त्याच्या मागं कोण, कुणाची बायको घोड्यावर बसायला भ्यायची, कुणाचं लेकरू वाटेतच जन्मलं. सगळ्यांत मागं तिचा बाप, दत्तराव.

"मागं का?" गुरुजींनी विचारलं.

"गरीब व्हता म्हून न्हाई बरं का! लंगडलेली मेंढी, आदल्या राती व्यायलेली शेळी, ते समद्यांचं माझ्या बापाच्या हवाली. खांद्यावर एक कोकरू, काखेत एक. म्हून त्यो मागं. दत्तराव वेस ओलांडून गेला की गावानं समजायचं, आता कुणी राह्यलं न्हाई."

गुरुजींचं एक बोट कळांवर धावत होतं, चुकत होतं, परत येत होतं. 'दत्तराव' त्यांनी तीनदा तपासून लिहिलं आणि लॅपटॉप मनकर्णाकडं फिरवला. "ही माझी 'इतर वस्ती' पुसली तू, बरं केलंस. आता ह्या लॅपटॉपवरबी माझ्यादेखत 'धनगर गल्ली'ला पहिली पातळी दे. आन् छापखानेवाल्याला सांग, थांब म्हणावं, प्रकरण वाढायलंय."

तिनं दिली. मग फोन घेऊन अंगणात गेली. छापखानेवाला तिकडून चिडचिड करत होता, तरी तिचं अर्धं लक्ष ओट्याकडंच होतं.

"हं, मग कळप निघाला," गुरुजी म्हणाले. "पुढं?"

"कुठं निघाला? अजून निवद झाला न्हाई, कोकरं मोजली न्हाईत. घाई हाय का, मास्तर?"

"न्हाई, न्हाई. सांगा."

बानूबाईनं तुरीचं सूप बाजूला सारलं आणि पाय लांब केले.