बूट पुसलेला टावेल

साहेबानं माझ्या टावेलानं बूट पुसला. आधी उजवा, मग डावा. शिवणीत अडकलेली लेंडी टावेलाचं टोक बोटावर घेऊन सावकाश काढली. मग टावेल माझ्या छातीवर फेकला.

"घे. आता कर सौदा."

बाजार भरलेला होता.

बिदर जिल्ह्यातल्या आमच्या मेंढीबाजारात भाव तोंडानं सांगत नाहीत. घेणारा आणि विकणारा हातात हात देतात, वर टावेल टाकतात, खाली बोटं दाबून भाव ठरवतात. माझा बाप लोकांची मेंढरं राखायचा. मी त्या टावेलाखाली मोठा झालो. आज गाडी भरून माल गुलबर्ग्याला पाठवतो. याचं बोट कुणाला वाकवता येत नाही, असं बाजार म्हणतो. मला ते ऐकायला आवडतं.

त्या दिवशी अफजलपूरच्या व्यापाऱ्याचा हात माझ्या हातात होता. सौदा जमत आला होता. बाजाराच्या पावत्या तपासणारा हा साहेब आला आणि त्यानं वरचा टावेल ओढला.

"काय लपवायलास रे आत?"

"भाव ठरवायलोय, साहेब. पावती खिशात हाय."

"मेंढरामागं हिंडणाऱ्याला कसला पडदा लागतो?"

लोक हसले. ज्यांच्या घरच्या लग्नात मी पंगतीत वाढलं, तेही हसले. व्यापाऱ्यानं हात सोडवून घेतला. मग तो बूट.

साहेब पाठ फिरवून निघाला तेव्हा मी आडवा आलो. पावती त्याच्या तोंडासमोर धरली. "ही बघा. बघितल्याबिगर जायचं न्हाई." आवाज चढलेला होता, तो माझा चढतोच. पण हात लावला नाही. हे मी कुणाचीही शपथ घेऊन सांगतो.

संध्याकाळी पोलीस ठाण्यात बसवलं. सरकारी कामात अडथळा. साहेबाची गचांडी धरली, असं कागदावर होतं. मी त्याला त्याचंच काम करा म्हणत होतो. आणि तो म्हणे अडथळा.

वर्षभरानं कोर्टाची तारीख लागली. व्हरांड्यात बघितलं तर माझ्यासारखे बरेच. कुणी बसच्या कंडक्टरशी भांडलेला, कुणी मोजणीवाल्याला शेतात येऊ न दिलेला. सगळ्यांवर एकच आरोप, सगळ्यांना एकच औषध. माझ्या वकिलानं ते मलाही सांगितलं.

"अण्णा, जज साहेब कन्नडमध्ये विचारतील, गुन्हा कबूल आहे का. 'हौदु' म्हणायचं. थोडा दंड होईल, भरायचा, घरी जायचं. यात कुणी लढत नाही."

"किती तारखा?"

"दोन."

"एकात करा."

तो हसला, बरं म्हणाला. आणि मी खूश झालो. आज लिहिताना लाज वाटते. माझ्या छातीवर फेकलेल्या टावेलाचा मी सौदा केला, आणि वर घासाघीस जमली म्हणून मिशीवरून हात फिरवला.

माझ्याआधी एका म्हातारीचा पुकारा झाला. कारकुनानं आरोप कन्नडमध्ये भराभर वाचला. गटार खोदायला आलेल्या मशीनवर दगड मारला, माणसं पळवून लावली. जज साहेबांनी विचारलं. म्हातारीनं शिकवल्यासारखं "हौदु" म्हटलं. झालं. पुढचं नाव पुकारायच्या आत ती मागच्या बाकाशी माझ्याजवळ आली. बाजारची कन्नड तिला येत असेल, कोर्टाची समजली नव्हती.

"लेकरा, व्हय तर म्हणले मी. पण काय केलं म्हणले?"

"दगूड हाणला म्हणलीस, मावशी."

"दगूड?" तिनं उजवा हात उचलून दाखवला. खांद्यापर्यंतही आला नाही. "ह्यो हात कवाच वर जात न्हाई. मी उंबऱ्यात बसले होते नुस्ती. आता ते खोडता येत न्हाई का?"

मी वकिलाकडे बघितलं. तो फाईल चाळत होता. तेवढ्यात शिपायानं म्हातारीला दंड भरायला बाहेर नेलं. जाताना ती तो हात दुसऱ्या हातानं धरून चालली होती.

माझं नाव पुकारलं. कारकुनानं वाचलं. गचांडी धरली, ढकललं, काम बंद पाडलं. टावेल कुठंच नव्हता. बूट नव्हता. मी हौदु म्हटलं की बाजारातली ती दुपार झालीच नव्हती, असं सरकारी कागदावर कायमचं ठरणार होतं. आणि ठरवणारा मीच.

"तप्पु ओप्पिकोळ्तीरा?" जज साहेबांनी विचारलं. गुन्हा कबूल?

"इल्ला." नाही.

वकिलानं माझी बाही ओढली. जज साहेबांनी मान वर करून पुन्हा विचारलं. मी पुन्हा इल्ला म्हटलं. त्यांनी लिहून घेतलं, साक्षीसाठी तारीख दिली. एवढंच.

बाहेर वकील चिडला. "डोस्कं फिरलं का तुमचं? वर्षं जातील. आता त्या साहेबाला साक्षीला यावं लागंल."

"म्हणूनच म्हणलं."

तेव्हापासून तारखा चालू आहेत. हटकून बाजाराच्या दिवशी येतात. अफजलपूरचा व्यापारी माझ्या बाजूनं बोलायला तयार नाही, फोनही उचलत नाही. साहेब दोनदा आलाच नाही. मग त्यानं माणूस पाठवला. "कामून वाढवायलास? मिटवून टाक." बायको म्हणते, निदान तो टावेल तरी धुऊ द्या. मी धुऊ देत नाही. पत्र्याच्या पेटीत आहे, डाग वाळून काळा झालाय.

साहेब कधीतरी येईल. त्याला यावंच लागेल. शपथ घेऊन उभा राहील, आणि मी वकिलाला एकच प्रश्न लिहून दिलाय: टावेल कुणाचा होता आणि तुमच्या हातात कसा आला? तो खोटं बोलला तर बोलू दे. पण माझ्यासमोर, तोंडानं, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलावं लागेल. आयुष्यभर झाकून सौदे केले. हा उघड्यावर होईल. यात मी एक बोटही वाकवणार नाही.